रोम, मे अखेर, सहा माणसं : दुपार सोडून आखलेली सहल

या प्रकरणातलं कुटुंब कोल्हापूरचं. आजोबा ७१ वर्षांचे, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आजी ६८ वर्षांच्या, अंडंही न खाणाऱ्या शाकाहारी आणि गुडघ्यांनी त्रासलेल्या. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करणारे. नात १४ वर्षांची, जिथं बसेल तिथं वही-पेन्सिल काढणारी. नातू ८ वर्षांचा. मुलांच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडणार होत्या आणि मुलाला सलग रजा मेच्या शेवटीच मिळत होती. त्यामुळं तारखांत हलवाहलवीला जागा नव्हती. २६ मे ते ३ जून, म्हणजे आठ रात्री.

सहली आखून देणं हे माझं काम. सूनबाईंनी पाठवलेल्या यादीत रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि जमलं तर स्वित्झर्लंडचं एखादं टोक होतं. यातलं प्रत्येक ठिकाण बघण्यासारखं आहे, त्याबद्दल वादच नाही. पण उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन युरोपात जायचं, तर सुरुवात यादीपासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी दोन गोष्टी बघायच्या: ऊन कोणत्या वेळी कुठं असतं, आणि घरातलं सगळ्यांत हळू चालणारं माणूस न कुरकुरता किती चालतं. आजींचं उत्तर मिळालं, "सलग अर्धा तास. मग बसायला हवं." सगळी आखणी या एका वाक्यावर उभी राहिली.

पहिला निर्णय गावं कमी करण्याचा. हॉटेलं सकाळी दहा-अकराला खोली सोडायला लावतात आणि नवीन खोली दुपारी दोन-तीनच्या आत देत नाहीत. मधले तीन-चार तास बॅगा सांभाळत स्टेशनावर जातात, आणि तेही भर उन्हाचे. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीनं साधारण दीड तास लागतो, म्हणून कागदावर ते सोपं दिसतं. पण सहा माणसं, तेवढ्याच बॅगा, प्लॅटफॉर्म शोधणं, पुढं टॅक्सी हे सगळं धरलं की एकेक गाव बदलताना एकेक दिवस जातो. तीन वेळा गाव बदललं की आठातले तीन दिवस संपले.

मुलाला हे पटेना. "ताई, एवढा व्हिसा काढायचा, एवढे तिकिटाचे पैसे भरायचे आणि एकच गाव बघायचं?" प्रश्न रास्त होता, बहुतेक घरांतून हाच येतो. त्याला उत्तर आजोबांनी दिलं. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात रोमन बनावटीची कांस्य भांडी आणि समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती सापडली. ती मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. आजोबांनी वर्षानुवर्षं शाळेतल्या मुलांना रांगेनं नेऊन ती दाखवली होती. ते म्हणाले, "जिथनं ही आली ते गाव मला नीट बघू दे. बाकीचं तुम्ही नंतर बघा की." विषय मिटला. मुक्काम आठही रात्री रोममध्ये. फक्त नातीला फ्लॉरेन्स हवंच होतं, म्हणून एक दिवस ती आणि तिचे बाबा गाडीनं जाऊन रात्री परत येतील आणि बाकीचे चौघं रोममध्येच राहतील, असं ठरलं. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघितलं पाहिजे हा आपल्याकडचा हट्ट सहलीला फार जड जातो. एक दिवस वेगळं फिरलं की संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असतं.

व्हिसाचं काम थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि एप्रिल-मेच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळणं अवघड जातं. म्हणून अर्ज फेब्रुवारीतच भरले. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षांपासून १२ वर्षं पूर्ण होईपर्यंतच्या मुलांना ४५. म्हणजे पाच जणांचे ४५० आणि नातवाचे ४५, एकूण ४९५ युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे १२ च्या आतल्या मुलांचे घेत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि सत्तरीच्या पुढं त्याचा हप्ता बराच वाढतो, तो खर्च आधी धरावा. आजींच्या पासपोर्टवर नाव, पतीचं नाव आणि आडनाव ज्या क्रमानं होतं, त्याच क्रमानं ते विमानाच्या तिकिटावर, हॉटेलच्या नोंदीत आणि कलोसियमच्या तिकिटावर घातलं. कलोसियमची तिकिटं नावानिशी असतात आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. आपल्याकडे बायकांची नावं कागदोकागदी वेगळी असतात, तेव्हा हे बारकाईनं बघावंच लागतं.

राहायची जागा हा दुसरा मोठा निर्णय. ट्रास्टेव्हेरे सुंदर आहे, पण तिथं मेट्रो नाही आणि रात्री उशिरापर्यंत गजबज असते. व्हॅटिकनजवळचा प्राती भाग शांत, पण महाग. मी एस्क्विलिनो निवडलं, पियात्सा व्हित्तोरियोच्या आसपास. दिसायला हा भाग साधा आहे, रोमच्या पोस्टकार्डावर तो येत नाही. पण मेट्रोची ए लाईन दाराशी आहे. तीच स्पॅनिश पायऱ्यांकडे जाते आणि व्हॅटिकनच्या ओत्ताव्हियानो स्टेशनलाही. शिवाय जवळच एस्क्विलिनोची मंडई आहे. तिथं कोथिंबीर, हिरवी मिरची, भेंडी, मसुराची डाळ, बासमती सगळं मिळतं, आणि आजूबाजूच्या दुकानांत बांगलादेशी, भारतीय दुकानदार आहेत. खोलीत छोटा ओटा, शेगडी आणि फ्रिज असलेलं तीन तारांकित हॉटेल घेतलं. लिफ्ट आणि एसी आहे का, हे दोन प्रश्न फोन करून विचारले, कारण रोममधल्या जुन्या इमारतींत दोन्ही गृहीत धरता येत नाहीत. हॉटेलच्या दरावर शहराचा पर्यटक-कर वेगळा पडतो. तीन तारांकितला माणशी रात्री ६ युरो, १० वर्षांखालच्यांना माफ. नातू सोडून पाच जणांचे आठ रात्रींचे २४० युरो झाले. हा आकडा आधी सांगितला नाही, तर निघायच्या दिवशी काउंटरवर वाद होतो.

आता मुख्य गोष्ट, दिवसाची घडी. मेअखेरीस रोममध्ये पारा बहुतेक २५ ते ३० च्या दरम्यान असतो. कोल्हापूरच्या मानानं काहीच नाही, असं मुलाचं म्हणणं. मी त्याला विचारलं, मेच्या दुपारी बारा वाजता तुम्ही रंकाळ्याला चक्कर मारायला जाता का? रोममध्ये तुम्ही नेमकं तेच करणार आहात, आणि तेही दगडावर. पायाखाली सानपिएत्रीनी नावाचे काळे चौकोनी दगड, बाजूला दगडी भिंती, फोरमसारख्या ठिकाणी, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत, सावली जवळजवळ नाहीच. या दगडांवर गुडघे आधी बोलायला लागतात, मग ऊन.

पण रोमच्या उन्हाळ्याची एक मोठी देणगीही आहे. मेअखेरीस सूर्य पहाटे साडेपाचच्या पुढं उगवतो आणि रात्री साडेआठनंतर मावळतो. एवढा उजेड हाताशी असताना दुपारसाठी हटून बसण्यात अर्थ नाही. म्हणून रोजची घडी अशी बसवली: सकाळी सात ते अकरा बाहेर, अकरा ते साडेचार खोलीत, साडेचार ते नऊ पुन्हा बाहेर. दुपारी जेवण, झोप, मुलांचे पत्ते. रोमची पुष्कळ चर्चसुद्धा दुपारी साडेबारा ते साडेतीन-चार बंद असतात. त्या वेळेत धडपड करून हाती फारसं लागत नाही. मुलाला सुरुवातीला हे पैसे वाया घालवणं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याचाच निरोप आला की दुपारची झोप बदलू नका.

पहिली सकाळ ट्रेवी कारंज्यापाशी, साडेसहाला. १७६२ मध्ये पूर्ण झालेलं हे कारंजं दिवसभर माणसांनी झाकलेलं असतं. सकाळी पाण्याचा आवाज ऐकू येतो आणि बसायला कठडा मिळतो. याच्यात येणारं पाणी इसवी सनापूर्वी १९ मध्ये अग्रिप्पानं बांधलेल्या जलवाहिनीच्या वाटेनं येतं, ही गोष्ट आजोबांनी नातवाला सांगितली. तिथून पँथिऑन, म्हणजे जुनं रोमन मंदिर, चालत दहा मिनिटं. ४३.३ मीटर व्यासाचा घुमट, आत एकही खांब नाही, मधोमध उघडं भोक. २०२३ च्या जुलैपासून इथं तिकीट लागलं, मोठ्यांना ५ युरो, १८ च्या आतल्यांना फुकट.

वाटेत नातवाच्या हाती एक खेळ लागला. रोममध्ये सुमारे अडीच हजार ठिकाणी लोखंडी नळखांब आहेत, त्यांना नासोनी म्हणतात. गार, पिण्याजोगं पाणी अखंड वाहत असतं. नळाचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते आणि भांडं नसतानाही वाकून नीट पिता येतं. नातवानं पहिल्यांदा दाबलं तेव्हा धार आजींच्या साडीवर. पुढं मात्र प्रत्येक नळापाशी सगळ्यांच्या बाटल्या भरण्याचं काम त्यानंच घेतलं आणि परत निघेपर्यंत पाणी विकत घ्यावं लागलं नाही.

कलोसियमची आखणी थोडी युक्तीनं केली. नेहमीचं तिकीट १८ युरो, त्यात कलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन टेकडी तिन्ही येतात. १८ च्या आतली मुलं फुकट, पण त्यांच्याही नावानं वेळ राखून ठेवावी लागते. चौघांचे ७२ युरो. विक्री तीस दिवस आधी उघडते, आणि मेमधल्या चांगल्या वेळा लगेच जातात, म्हणून ठरल्या दिवशी मी संगणकासमोर बसूनच होते. तिकीट २४ तास चालतं. तेव्हा कलोसियम संध्याकाळी साडेचारचं घेतलं आणि फोरम दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच. एकाच दिवशी तिन्ही उरकायला गेलं की फोरममध्ये पोचेपर्यंत माणसं थकलेली असतात, आणि ऊनही डोक्यावर असतं. मला स्वतःला फोरमच जास्त आवडतं. इसवी सन ८० मध्ये सुरू झालेलं कलोसियम पाहून माणूस थक्क होतो, पण रोम समजतं ते फोरममध्ये. आजोबांसाठी तिथली एक जागा मी नकाशावर खुणेनं दाखवून ठेवली होती: मॅक्सेंशियसच्या बासिलिकाच्या, म्हणजे भव्य रोमन सभागृहाच्या खाली सम्राट डोमिशियनच्या काळातली मसाल्यांची कोठारं होती. मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून जायची. आजोबा त्या कमानींसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि मग नातीला सांगायला लागले की मिरीचं ओझं अरबी समुद्रातून इजिप्तमार्गे इथवर कसं यायचं. आजी तोवर पॅलेटाइनच्या चढापाशी एका पाइनच्या सावलीत बसल्या होत्या. ती बैठकही आखणीत होतीच.

शुक्रवारी ओस्तिया आंतिका, म्हणजे प्राचीन रोमच्या बंदराच्या गावाचे अवशेष, ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी कळलं की सकाळपासून वाहतुकीचा संप. इटलीत संप बरेचदा शुक्रवारी होतात, आधी जाहीर होतात, आणि सकाळी साडेआठपर्यंत व संध्याकाळी पाच ते आठ या वेळात गाड्या चालवाव्याच लागतात. म्हणून प्रत्येक आखणीत एक दिवस असा ठेवते की जो निव्वळ पायी जमेल. एस्क्विलिनोहून पायी जाण्याजोगं सान क्लेमेंते आहे. माझ्या मते मुलांना घेऊन जाण्यासाठी रोममधली ही सर्वोत्तम जागा. वर बाराव्या शतकाचं चर्च. जिना उतरून खाली गेलं की चौथ्या शतकातलं. आणखी खाली पहिल्या-दुसऱ्या शतकातली घरं, गल्ली आणि मिथ्र देवाचं ठेंगणं, गुहेसारखं मंदिर, मधे दगडी वेदी, दोन्ही बाजूंना बसायचे ओटे. प्रत्येक जिन्यावर हवा गार होत जाते. सगळ्यात खाली जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा खळाळ ऐकू येतो. १८५७ मध्ये इथल्या एका आयरिश पाद्र्यानं खणायला घेतलं तेव्हा हे सगळं वर आलं. पाणी साचायचं, ते काढायला नंतर बोगदा खणला. नातवानं भिंतीला कान लावला आणि उठायलाच तयार होईना. आजी मात्र जिना न उतरता वरच थांबल्या, छताखालचं सोनेरी मोझाइक बघत. इथं लिफ्टचा भरवसा धरू नये.

ओस्तिया रविवारी झालं. सोमवारी ते बंद असतं, म्हणून रविवार ही शेवटची संधी होती. पिरामिदे स्टेशनच्या शेजारून उपनगरी गाडी जाते, शहरातलं साधं दीड युरोचं तिकीट चालतं आणि १० वर्षांखालच्याला तेही लागत नाही. पॉम्पेई दिवसात जाऊन येणं शक्य आहे, पण नेपल्सला गाडी बदलून त्या उन्हात फिरणं या घरासाठी मी सुचवलं नसतं. ओस्तियात पाइनची सावली आहे, गर्दी कमी आहे, आणि व्यापारी चौकात जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांची जहाजं आहेत, प्रत्येक बंदराच्या व्यापाऱ्यांची खूण. उत्तर आफ्रिकेतल्या सब्राथाच्या व्यापाऱ्यांचा हत्ती नातीनं वहीत उतरवून घेतला. नातवाला सार्वजनिक शौचालयाची दगडी बैठक सगळ्यात जास्त आवडली, आणि आठ वर्षांच्या मुलाला ती आवडणारच.

व्हॅटिकनला दोन भागांत तोडलं. सेंट पीटर्स चर्च सकाळी सातला दार उघडतानाच, कारण तपासणीची रांग उघड्या चौकात असते आणि नऊनंतर तिथं सावली शोधावी लागते. बुधवार टाळायचा, त्या सकाळी पोपची जाहीर भेट असते. घुमटाच्या ५५१ पायऱ्या. गच्चीपर्यंत लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात. बाप आणि मुलंच चढली. संग्रहालय त्याच दिवशी दुपारी साडेचारचं घेतलं. सोमवार ते शनिवार ते रात्री आठपर्यंत उघडं असतं, आणि सकाळच्या झुंडी तोवर ओसरलेल्या असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रवेश फुकट, आणि तो रविवार मुक्कामात येतही होता, पण आजींना त्या गर्दीत नेणं मला पटलं नाही.

आत सिस्टीन चॅपेलपर्यंतचं चालणं फार आहे. ओळखपत्र ठेवून चाकांची खुर्ची फुकट मिळते. आजी आधी नकोच म्हणाल्या, "मी काय आजारी आहे होय?" सूनबाईंनी समजावलं, "आई, पाय उद्यासाठी राखून ठेवायचेत." मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं खपून रंगवलेलं ते छत बघायला मान पार मागं टाकावी लागते. सगळे अवघडून उभे होते. खुर्चीत रेलून आजींनी ते सगळ्यांत निवांत बघितलं.

सूनबाईंचं माहेर गोव्यातलं, म्हापशाचं. जुन्या गोव्यात २०२४-२५ मध्ये झालेल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला त्या गेल्या होत्या. याच संताचा उजवा हात रोमच्या जेझू चर्चमध्ये आहे, हे मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं, फक्त एका संध्याकाळच्या फेरीत ते चर्च घातलं होतं. त्या रात्री फोटो आला, खाली एकच ओळ: "ताई, इथं आमचे गोंयचे सायब."

जेवणाचं सांगायचं तर शाकाहारी माणसाला रोम सोपं आहे, पण विचारून खावं. भोपळ्याची तळलेली फुलं निरागस दिसतात, आत चीजबरोबर अँचोव्ही मासा असतो. सुप्ली हे भाताचे वडे बहुतेकदा मांसाच्या रश्श्यात केलेले. पेकोरीनो चीजमध्ये दूध गोठवायला प्राण्यांच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्यात बहुधा नसतं. आजींसाठी दोन पदार्थ चिठ्ठीवर लिहून दिले: पिझ्झा मारिनारा, ज्यात चीजच नाही, आणि पेन्ने आराब्याता, टोमॅटो, लसूण आणि सुकी मिरची. आराब्याता कोल्हापूरच्या घरात गाजला. रोज एक वेळ मात्र खोलीतला वरण-भात.

२ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन. कलोसियमसमोरच्या रस्त्यावर संचलन असतं आणि तो भाग सकाळी बंद. हे आधीच माहीत असल्यानं त्या दिवशी पिंचो टेकडीवरची गच्ची ठेवली. आकाशात हिरवा-पांढरा-लाल धूर सोडत विमानं गेली ती तिथून दिसली. मग व्हिला बोर्गेझेच्या झाडीत चौघांची पायडल-गाडी.

हीच आखणी जुलै-ऑगस्टसाठी मागणारी घरंही आहेत, विशेषतः लंडन किंवा जर्मनीतली मराठी मंडळी, कारण त्यांच्या शाळा तेव्हाच सुटतात. त्यांच्यासाठी सकाळचा भाग साडेदहालाच संपवते आणि संध्याकाळ साडेपाचला सुरू करते. १८ जुलै २०२३ ला रोममध्ये पारा ४१.८ अंशांवर गेला होता, तेव्हा ओस्तिया त्या महिन्यात काढूनच टाकते आणि सान क्लेमेंतेसारख्या जमिनीखालच्या जागा वाढवते. २९ जूनला रोमच्या संतांचा सण म्हणून व्हॅटिकनची संग्रहालयं बंद असतात, आणि १५ ऑगस्टच्या आसपास निम्मी दुकानं आणि खानावळी कुलूप लावून समुद्राकडे गेलेल्या असतात. त्या आठवड्यात जाणाऱ्यांनी खोलीत शेगडी आहे ना, हे सगळ्यात आधी बघावं.